ईश्वरास दिलेले मुखत्यारपत्र

कुंडलिका नदी रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते आणि तिच्या मुखाच्या दक्षिणेस, पाण्यात लांबवर शिरलेल्या एका चिंचोळ्या डोंगरसोंडेवर कोर्लईचा किल्ला उभा आहे. ह्या किल्ल्याच्या बांधणीविषयी इतिहासज्ञांनी पुष्कळ लिहून ठेविले आहे. परंतु माझ्यासारख्या अल्पमती भाविकाचे लक्ष वेधते ती गोष्ट निराळीच. १५९४ साली पोर्तुगीजांनी ही टेकडी अहमदनगरच्या निजामशाहीकडून जिंकून घेतली, तिला तटबंदी केली, बुरुजांना मोठ्या भक्तिभावाने संतांची नावे दिली, आणि त्यानंतर त्याच बुरुजांवर तितक्याच भक्तिभावाने तोफा चढविल्या. संताचे नाव आहे तेव्हा तोफेचे प्रयोजन नाही, असे कोणा किल्लेदारास वाटले नाही. आणि तोफ आहे तेव्हा संतास तसदी देण्याचे कारण नाही, असेही कोणी म्हटले नाही. दोन्ही असलेली बरी, ऐन वेळी कोणते उपयोगी पडेल हे सांगवत नाही, हा त्यामागचा विचार. आम्हा कोकणपट्टीच्या ख्रिस्ती मंडळींच्या अंगी परमेश्वरावर भरवसा ठेवण्याची जी एक सावध पद्धत मुरली आहे, तिचा उगम ह्या बुरुजांवर शोधावा लागेल असे मला पुष्कळदा वाटते.

पुढे १७३९ साली वसई पडली, आणि दुसऱ्याच वर्षी चौल, रेवदंडा व कोर्लई ही ठाणी मराठ्यांच्या स्वाधीन करून पोर्तुगीज सरकारचे अधिकारी, त्यांचे कुटुंबकबिले आणि त्यांची प्रतिष्ठा ही सर्व गलबतांत बसून निघून गेली. तोफा जागच्या जागी राहिल्या. त्यांतल्या काही आजही तेथे गंजत पडल्या आहेत. आणखी एक वस्तू राहिली, ती म्हणजे गलबतात ज्यांना जागा नव्हती ती गोरगरीब माणसे. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात त्यांचे वंशज अद्याप भातशेती करतात, माउंट कार्मेल मातेच्या देवळात जातात, आणि घरात जी मोडकीतोडकी पण लडिवाळ पोर्तुगीज बोलतात तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात. ज्यांच्या हाती तोफ होती ते गेले, आणि ज्यांच्या हाती जपमाळ व विळा एवढेच होते ते पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ टिकले, ह्या घटनेवरून एखादा भव्य सिद्धांत काढण्याचा मोह कोणाही प्रवचनकारास होईल. तो काढलाही जातो. मंडळी माना डोलावतात, काही डोळे ओलावतातही. आणि मिस्सा संपवून देवळाच्या पायऱ्या उतरत असतानाच, शेजाऱ्याने बांध किती वीत सरकविला आहे आणि त्याच्या बंदोबस्तासाठी मोजणीदारास केव्हा आणावा, ह्याचा खल सुरू होतो.

प्रार्थनेच्या वेळी आम्ही आपले सर्वस्व परमेश्वराच्या स्वाधीन करतो, ह्यात संशय नाही. परंतु ह्या स्वाधीन करण्याचे स्वरूप जवळून न्याहाळले असता ते कचेरीच्या आवारातील अर्जनवीस लिहून देतात त्या मुखत्यारपत्राशी फारच जुळते असे आढळून येईल. ‘सबब, हे प्रभो, आमच्या स्थावरजंगम मिळकतीचे, मुलाबाळांचे, दुखण्याभाण्याचे व एकंदर ऐहिक-पारलौकिक व्यवहाराचे आम्ही तुम्हांस कुलमुखत्यार नेमले असे, तुम्ही कराल ते आम्हांस कबूल व मंजूर असे,’ येथपर्यंत दस्तऐवज निर्दोष असतो. त्यानंतर ‘मात्र’ हा शब्द येतो. मात्र थोरल्या मुलाच्या लग्नासंबंधी मुखत्याराने परस्पर निर्णय घेऊ नये. मात्र रस्त्यालगतच्या सर्व्हे नंबराचा व्यवहार मालक स्वतः पाहतील. मात्र मुखत्याराच्या कृतीमुळे मालकाचे काही नुकसान झाल्यास मालक यापुढे रविवारी देवळात येण्यास बांधलेला राहणार नाही. आणि शेवटी, सदरहू मुखत्यारपत्र कोणतीही पूर्वसूचना न देता केव्हाही रद्द करण्याचा हक्क मालकाने आपल्याकडे राखून ठेविला आहे. अशा अटींवर अलिबागचा एखादा होतकरू वकीलसुद्धा काम पत्करणार नाही. परमेश्वर पत्करतो, हा त्याच्या दयाळूपणाचा पुरावा मानावा लागेल.

बरे, मुखत्याराकडे सोपविलेली प्रकरणे तरी कोणती? ज्यांची अपिलाची मुदत टळली, ज्यांवर डॉक्टराने मान हलविली, ज्यांत आमच्या मेहुण्याच्या ओळखीचा काही उपयोग झाला नाही, ती. चालती, फायद्याची, हातातोंडाशी आलेली प्रकरणे आम्ही आपल्या दप्तरात ठेवितो आणि ज्यांना वाळवी लागली आहे ती गाठोडी बांधून वर पाठवितो. शिवाय ती एकदा पाठविल्यावर स्वस्थ बसावे, तर तेही नाही. सकाळी तगादा, संध्याकाळी तगादा, मध्ये कोणा संताची शिफारस. हरवलेल्या वस्तूंच्या खात्यावर पादुआचे संत अंतोनी १२३१ साली निवर्तल्यापासून आजतागायत नेमलेले आहेत. त्यांना तर आमच्याकडील गृहिणी इतक्या वेळा हाक मारतात की स्वर्गात त्यांना स्वतंत्र कारकून दिला असावा. वस्तू घटकाभरात सापडली तर तो गृहिणीच्या स्मरणशक्तीचा विजय असतो, दोन दिवसांनी सापडली तर संत अंतोनींचा. आणि सापडलीच नाही तर ती सुनेच्या हलगर्जीपणामुळे हरवली होती हे सिद्ध होते. ह्या जमाखर्चात संतांच्या नावे जे जमा होते ते नेहमी उशिराचेच का, हा प्रश्न अद्याप कोणी विचारलेला नाही.

कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर होऊन १९८१ पासून आम्ही नवे पत्ते लिहू लागलो, आणि त्याच्या पुढेमागे मुंबईकरांना ह्या किनाऱ्याचा शोध लागला. जेथे आमच्या आज्यांनी राब भाजले आणि वाल पेरले तेथे आता भिंती आणि फाटके उठली आहेत. जमिनीच्या ह्या बाजारात परमेश्वरावरील भरवशाचे जे दर्शन घडते ते अन्यत्र दुर्मिळ. विकावी की न विकावी, ह्या प्रश्नावर सहा महिने कुटुंबात खडाजंगी चालते. दलाल ओटीवर येऊन चहा पिऊन जातो. सातबाऱ्यावरची नावे मोजली जातात. गोव्यात स्थायिक झालेल्या चुलत्याचा हिस्सा कसा टाळता येईल ह्यावर गंभीर विचारविनिमय होतो. ह्या अवधीत देवाचे नाव निघत नाही. मग एके दिवशी इसाराची रक्कम हातात पडते, पावतीवर सही होते. आणि त्या रात्री कुटुंबप्रमुख सर्वांना क्रूसासमोर गुडघ्यांवर बसवून, प्रभो, ह्या बाबतीत तुझ्याच इच्छेप्रमाणे होवो, अशी आर्त याचना करतो. मी ह्यास ढोंग म्हणत नाही. तो माणूस खरोखरच व्याकूळ असतो. फक्त परमेश्वराची इच्छा काय आहे हे विचारण्याची त्याची वेळ, आणि परमेश्वरास ती सांगता येण्याची वेळ, ह्यांमध्ये एक इसारपावती आडवी आलेली असते.

नोव्हेनाविषयी आणि नवसांविषयी बोलताना जीभ जपून वापरावी लागते, कारण माझ्या घरातच त्यांची उपासक मंडळी आहेत. माहीमच्या सेंट मायकेल देवळात १९४८ साली बुधवारची नोव्हेना सुरू झाली. तेव्हापासून मुंबईकडील बुधवारच्या आगगाड्यांना जी गर्दी होते तीत आमच्या किनाऱ्यावरचाही खारीचा वाटा असतो. लागोपाठ नऊ बुधवार पाळावयाचे. सातव्या बुधवारी जर मुलास नोकरीचे पत्र आले तर आठव्या आणि नवव्या बुधवाराचे काय करावयाचे, हा धर्मशास्त्रातील एक बिकट प्रश्न आहे. काही सुज्ञ मंडळी ते दोन बुधवार पुढील मागणीच्या खाती वळते करून घेतात. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा भरते. तेथे मेणाच्या वस्तू वाहण्याची प्रथा आहे. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्यास मूल हवे तो मेणाचे बालक वाहतो, ज्यास घर हवे तो मेणाचे घर. अलीकडे मेणाच्या मोटारी आणि मेणाची विमानेही मिळतात. ह्या प्रथेस हसणाऱ्यांत मी नाही. गरजू मनुष्याने आपली गरज हातात धरून मातेपुढे उभे राहावे, ह्यात एक प्रकारचा निर्मळपणा आहे. परंतु मेणाचे घर निवडताना त्यास दोन मजले आहेत की एक, आणि पुढे मोटार लावण्यास जागा आहे की नाही, हे जो निरखून पाहतो, तो घर मातेवर सोपवीत नसून केवळ नकाशा मंजुरीसाठी दाखल करीत आहे, असे माझे मत आहे.

ह्या सर्व प्रकाराची मुळे शुभवर्तमानातच शोधावयाची तर ती सापडतात, आणि तीही दर्यावरच. प्रभूचे पहिले शिष्य कोळी होते. रात्रभर जाळी टाकून त्यांना एक मासळी मिळाली नाही, आणि पहाटे किनाऱ्यावर येऊन जाळी धूत बसले असता एका सुताराने त्यांना पुन्हा खोल पाण्यात जाऊन जाळी टाकण्याची सूचना केली. ही गोष्ट डोंगराळ मुलखात ऐकणाऱ्यांना साधी वाटत असेल. आमच्या किनाऱ्यावर ती भयंकर आहे. रेवदंड्याच्या बंदरावर रात्र वाया घालवून, डिझेल जाळून, रिकाम्या होडीने परतलेल्या तांडेलास एखाद्या सुताराने असा सल्ला देऊन पाहावा. तांडेल त्यास प्रथम त्याच्या रंध्याविषयी आणि नंतर त्याच्या पूर्वजांविषयी चार शब्द ऐकवील. आणि समुद्राची प्रत्येक ओहोटी-भरती, प्रत्येक खडक, माशांचा प्रत्येक स्वभाव ज्यास तोंडपाठ आहे, अशा मनुष्याच्या बाजूने तर्कशास्त्रही उभे राहील. त्या पहिल्या कोळ्यांतल्या पेत्राने कुरकुर केली आणि जाळे टाकले. माझ्या दृष्टीने चमत्कार तेथेच संपला. पुढे जी मासळी आली ती त्याची उपपत्ती होय. आपणांस जे येत नाही त्यात देवाचा सल्ला घेणे सर्वांनाच साधते. जे उत्तम येते, ज्यावर पोट चालते, ज्याबद्दल गावात नाव आहे, त्यात सुताराचे ऐकणे, हे मात्र फार थोड्यांना जमले.

आणि त्याच शुभवर्तमानांतील दुसरी एक गोष्ट आमचे प्रवचनकार घाईने ओलांडून जातात. पुनरुत्थानानंतर पुन्हा एकदा तसेच जाळे भरले, तेव्हा योहानाने माशांची संख्या नोंदवून ठेविली आहे: १५३. म्हणजे साक्षात प्रभू किनाऱ्यावर निखारे पेटवून न्याहारीस बोलावीत असता, कोणीतरी वाळूत बसून मासे मोजीत होता! त्यास कोणी अविश्वासी म्हटले नाही. ह्या अनाम मोजणीदाराविषयी मला अपार आदर आहे, कारण देवावर भरवसा ठेवणे म्हणजे हिशेब सोडून देणे, असा जो एक समज आमच्यांतील आळशी भाविकांनी पसरविला आहे, त्याचे त्याने एकट्याने खंडन केले आहे. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, ही म्हण मराठीत उपहासाने वापरतात. आमच्यांतले काही जण मात्र तिला वचन समजून खाटल्यावर पडले आहेत.

इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी जॉर्ज म्युलर नावाचा एक प्रशियन गृहस्थ होऊन गेला. अनाथालये चालविण्यासाठी मनुष्यापुढे हात पसरावयाचा नाही, मागावयाचे ते देवापाशीच, असा त्याचा नेम होता, आणि १८९८ साली वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी तो मरण पावेपर्यंत दहा हजारांवर अनाथ मुले त्याच्या हाताखालून गेली होती. ह्या पुरुषाचे नाव आमच्याकडे प्रार्थनासभांतून वरचेवर घेतले जाते. त्याच्याविषयी जे सांगितले जात नाही ते असे की तो आलेल्या देणग्यांचे तपशीलवार हिशेब ठेवी आणि दरसाल छापून प्रसिद्ध करी. पंडिता रमाबाई त्याच पंथातल्या. केडगावच्या माळावर दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली पोसताना त्यांनी प्रार्थना केली, आणि विहिरीही खणल्या. विहीर खणणारा भाविक पाण्यासाठी प्रार्थना करतो, तेव्हा परमेश्वरास निदान पाणी कोठे पाठवावे एवढे तरी कळते.

परंतु आमच्या कोकणाने ह्या बाबतीत जो सर्वांत दिलदार मनुष्य दिला तो म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा हा कवी १८९५ साली ख्रिस्ती झाला, आणि पुढे १९१७ मध्ये मिशनच्या पगारी नोकरीचा राजीनामा देऊन त्याने ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. नावात दरबार होता, खजिना नव्हता. टिळकांच्या हाती आलेला पैसा दारी आलेल्या पहिल्या गरजवंताकडे जात असे, आणि उद्याची चिंता करू नये हे प्रभूचे सांगणे ते अक्षरशः पाळीत. मात्र उद्या उजाडत असे, आणि तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात उजाडत असे. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे त्यांना, टिळकांच्या त्या विशाल श्रद्धेखाली एक बाई कशी हसत, चिडत, युक्त्या लढवीत, घराचे खांब सांभाळीत उभी होती, हे निराळे सांगावयास नको. टिळक परमेश्वरावर विसंबले होते, ह्यात शंका नाही. परंतु परमेश्वर कोणावर विसंबला होता, ह्याविषयी माझे स्वतःचे असे एक मत आहे.

हे मत बनण्यास आमच्या गावातील घरे कारणीभूत झाली. ज्या ज्या घरातील पुरुष सायंप्रार्थनेच्या वेळी गंभीर मुद्रेने सर्व भार प्रभूवर टाकतो, त्या त्या घराच्या माळ्यावर तांदळाचा एक असा डबा असतो की ज्याचे अस्तित्व त्या पुरुषास ठाऊक नसते. आषाढात, वाट बंद आणि काम बंद असता, घरात अन्न शिजते. आणि गृहस्थ जेवणापूर्वी डोळे मिटून स्वर्गीय पित्याचे आभार मानतो. पाठीमागे उभी असलेली बाई त्या आभारांत आपला वाटा मागत नाही. तीही डोळे मिटते. इस्राएल लोकांना अरण्यात जो मान्ना मिळत असे तो रोजचा रोज गोळा करावयाचा होता; दुसऱ्या दिवसासाठी ठेविला तर त्यास किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती आणि तो नासत नसे. आमच्याकडील बायकांनी ह्या नियमाचा अभ्यास करून, कोकणातला पावसाळा हा चार महिन्यांचा एक शब्बाथ आहे, असा अर्थ लाविला. आणि सुके बोंबील, जवळा, वालाची डाळ आणि पांढऱ्या कांद्याच्या माळा ह्यांनी माळा भरून टाकला. ह्या अन्वयार्थावर आजवर कोणाही धर्मपंडिताने आक्षेप घेतलेला ऐकिवात नाही, कारण धर्मपंडितही पावसाळ्यात जेवतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले, तेव्हा ह्या साऱ्या भरवशांची एकदम तपासणी झाली. टाळेबंदीमुळे सगळे घरीच होते. आदल्या संध्याकाळपासून गावात दोन तऱ्हेची माणसे दिसू लागली. काहींनी छपरावरचे पत्रे दोरखंडांनी आवळले, गुरे सोडून दिली, होड्या वर ओढल्या, क्रूसाचे चिन्ह केले आणि जेवून ते आडवे झाले. दुसऱ्या तऱ्हेत माझे एक शेजारी मोडतात. पेशाने निवृत्त शिक्षक, देवळातील प्रत्येक समितीचे सभासद, आणि परमेश्वराच्या योजनेवर अर्धा तास न थांबता बोलू शकणारे. त्यांनी दोरखंड आणविला नाही. ते भ्रमणध्वनीवर उपग्रहाचे चित्र पाहत बसले. दर पाव तासाने वादळाचा डोळा किती सरकला हे ते ओटीवर येऊन जाहीर करीत, जणू काही त्यांची पाठ फिरताच ते वादळ गैरफायदा घेऊन आत शिरले असते. दुपारी वारा असा काही सुटला की माडांची झावळी जमिनीस टेकू लागली; वीज गेली, मनोरा पडला, आणि उपग्रहाने शिक्षकांशी असलेला पत्रव्यवहार थांबविला. त्यानंतरच्या दोन तासांत त्यांनी जी प्रार्थना केली तीत, त्यांच्याच पत्नीच्या साक्षीवरून सांगतो, एकही ‘मात्र’ नव्हते. मुरूड-श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्या दिवशी आडव्या झाल्या. शिक्षकांच्या घराचा अर्धा पत्रा गेला, माणसे वाचली. कित्येक ठिकाणी पुढे आठवडेच्या आठवडे विजेचा पत्ता नव्हता, आणि त्या काळोखात शिक्षकांइतका निरहंकारी, मृदू व ईश्वराधीन गृहस्थ पंचक्रोशीत शोधून सापडला नसता. वीज आली. भ्रमणध्वनी भारित झाला. दुसऱ्या सकाळी ते तलाठ्याच्या पंचनाम्यात तीन चुका दाखवून देत असलेले मी पाहिले, आणि गाव पूर्ववत झाल्याची माझी खात्री पटली.

परमेश्वरास मुखत्यार नेमले आहे की नाही, हे ओळखण्याची खूण प्रार्थनेच्या लांबीत नसून झोपेत आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. गालील समुद्रावर वादळ उठले तेव्हा होडीतील सर्व दर्यावर्दी जागे होते आणि एकटा सुतार होडीच्या मागच्या बाजूस उशीवर डोके ठेवून झोपला होता. शिष्यांनी त्यास उठविले. पण त्यांनी उठविले तेही आपल्याबरोबर त्यानेही थोडी काळजी करावी ह्या हेतूने, असे त्यांच्या बोलण्याच्या सुरावरून दिसते. सर्व व्यवस्था करून निजणारा आणि कोणतीच व्यवस्था न करता जागणारा, ह्यांत आमच्याकडे दुसऱ्यासच अधिक धर्मनिष्ठ समजण्याची चाल आहे, कारण तो रात्रभर देवाचे नाव घेताना ऐकू येतो. पहिल्याचे फक्त घोरणे ऐकू येते.

अशी एक घोरणारी बाई मला रेवसहून भाऊच्या धक्क्यास जाणाऱ्या लाँचमध्ये भेटली. मे महिना सरत आला होता, वारा फिरला होता, आणि करंज्याचा किनारा मागे पडताच लाँच अशी काही डोलू लागली की सर्वधर्मसमभाव आपोआप प्रस्थापित झाला. कोणी एकवीरेचे नाव घेतले, कोणी अल्लाचे. माझ्या शेजारच्या तरुणाच्या गळ्यात क्रूस होता, तो त्याने ओठांशी घट्ट धरला होता. त्याच्या पलीकडे कोर्लईकडची म्हातारी बसली होती. पायांशी पांढऱ्या कांद्याच्या माळांनी भरलेली पाटी; तिचा काठ एका दोरीने बाकाच्या पायास बांधलेला, गाठ दोनदा ओढून पाहिलेली. गाठ पाहून झाल्यावर म्हातारीने क्रूसाचे चिन्ह केले, पदर डोक्यावरून घेतला आणि ती झोपली. पाऊण तास लाटा आदळत होत्या आणि ती झोपली होती. धक्क्यास लागताच तिने डोळे उघडले आणि तरुणास विचारले, ‘पोचलो काय रं पोरा?’

पोराच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने मान हलविली.

म्हातारीने दोरी सोडली, माळा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि हमालास हाक मारली. हमालाने पाटीकडे पाहून साठ रुपये सांगितले. समुद्रात जिने पापणी हलविली नव्हती तिचा चेहरा आता पांढराफटक पडला. ‘साठ? अरे, तेवढ्यात मी कांदे घेऊन परत रेवसला जाईन!’ येथून पुढे पाच मिनिटे जे संभाषण झाले त्यात हमालाची जात, जन्मस्थान, त्याच्या आईने त्यास दिलेले वळण आणि मुंबईचे एकंदर अधःपतन ह्यांचा परामर्श घेतला गेला. अखेर तरुणास राहवले नाही. तो म्हणाला, ‘मावशी, एवढ्या वादळात तुम्ही देवावर सोडून झोपलात, आता वीस रुपयांसाठी एवढा जीव कशाला टाकता? द्या की देवाच्या नावानं.’

म्हातारीने त्याला नखशिखान्त न्याहाळले. ‘लाँच कुठं मला हाकता येते?’ ती म्हणाली. ‘हमाल हाकता येतो.’ आणि पुन्हा हमालाकडे वळून तिने चाळीस रुपये सांगितले. हमाल पंचेचाळिसांवर आला, त्याने पाटी डोक्यावर घेतली, आणि देवाचे नाव घेत पायऱ्या चढू लागला. म्हातारी त्याच्या मागोमाग, माळांवरची नजर न हलविता.